दरवाजा आधी की अँप आधी?

नमस्कार दादा,

गाडीच्या स्पीकरचा आवाज सुधारण्यावर मी लेख लिहिला होता. तुमचा आक्षेप असा, की 'आधी दरवाजे डॅम्प करा (पत्र्याची थरथर दाबणारी शीट लावा), अँप (अॅम्प्लिफायर) शेवटी' हा त्यातला माझा सल्ला चुकीचा आहे. तुम्ही 1000 वॅटचा अँप बसवला, त्यावरची गेनची कळ फुल केली आणि आवाज लगेच वाढला. डांबरपट्टी चिकटवण्यात लोकांचे दोन दिवस का घालवता, असं तुम्ही विचारलंय. शेवटी बेस अजून कमीच आहे, म्हणून सबवूफर (फक्त बेससाठीचा मोठा स्पीकर) घेतोय, असंही लिहिलंय.

'अँप शेवटी' हे सरसकट लिहायला नको होतं, ही माझी चूक. स्टिरिओवर 50×4, म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी 50 वॅट, असं छापलेलं असतं, पण एकेका स्पीकरला सलग मिळतात जेमतेम 20 वॅट. त्यावर आवाज चढवला की फाटतो. लेखातलं ते वाक्य बदलतो.

पण बेस जातोय तो दरवाजातच. मी माझ्या गाडीच्या दाराचं ट्रिम (आतलं आवरण) काढलं तेव्हा आतल्या पत्र्याला हात कोपरापर्यंत जाईल एवढी भोकं होती आणि त्यांवर सैल प्लास्टिकचा कागद. बाहेरचा पत्रा टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखा वाजला. स्पीकरचा कोन (हलणारा शंकूसारखा पडदा) पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागची हवा ओढतो. ही मागची उलटी लाट भोकांतून आत येऊन पुढच्या लाटेला खाते, आणि सगळ्यात जास्त खाते ती बेसला. वॅट वाढवले की दोन्ही लाटा सारख्याच वाढतात. म्हणून भोकं बुजवायची, पत्र्याला शीट लावायची आणि स्पीकरच्या कडेला फोमची रिंग घालायची. डांबरी शीट नको, ती मे महिन्याच्या उन्हात पाघळते. ब्यूटाइल रबराची घ्या. दाराच्या तळाशी पाणी निघायची छिद्रं असतात, ती मात्र मोकळी ठेवा, नाहीतर पावसाळ्यात दार सडेल.

आता ते 1000 वॅट. अँपवरचा फ्यूज बघा. 25 अँपियरचा एकच असेल तर 14 व्होल्टवर आत जातात 350 वॅट. साध्या एबी क्लास अँपमध्ये त्यातले निम्मे उष्णतेत जातात. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 लागतात, म्हणजे दहापट वॅट!

मला खरी काळजी वाटते ती 'गेन फुल'ची. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओचा सिग्नल आणि अँप यांचा मेळ बसवायची ती कळ आहे. एका दुकानात माझ्याही गाडीचा गेन असाच पूर्ण फिरवून दिला होता. तीन आठवड्यांत दोन्ही ट्वीटर (बारीक, उंच आवाजाचे छोटे स्पीकर) जळाले. स्पीकर काढा, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमवर ठेवा, 200 हर्ट्झचा टोन (एकसलग सूर) लावा आणि अँपच्या आउटपुटला मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावा. 4 ओहमच्या स्पीकरला 50 वॅट द्यायचे असतील तर गेन अगदी कमीपासून हळूहळू वाढवत 14.1 व्होल्टला थांबा. जोडल्यावर दाराच्या स्पीकरना 80 हर्ट्झचा हाय पास (त्याखालचा बेस अडवणारा फिल्टर) लावा.

आणि सबवूफरच्या आधी एवढं करून बघा. पुढच्या दोनपैकी एकाच स्पीकरच्या प्लस-मायनस तारा उलट करा आणि तेच गाणं पुन्हा लावा. बेस वाढला तर जोडणीच उलटी होती, तशीच राहू द्या. कमी झाला तर पूर्ववत करा आणि ट्रिम उघडा. काय निघतं ते इथे नक्की लिहा, मी वाट बघतोय.