नोटेचा नंबर पाठवा आणि लाखो रुपये घ्या म्हणे!

शेवटी तो मेसेज माझ्या नाशिकच्या मावशीपर्यंत पोचलाच. तुम्हाला अजून आला नसेल तर येईल. मजकूर साधारण असा: "जुन्या नोटेचा फोटो पाठवा, आमचे नोटसंग्राहक सिरीयल नंबरवरून पूर्ण हिस्ट्री ट्रेस करतात, कुठे छापली, कुणाकुणाच्या हातातून गेली, सगळं. ७८६ असेल तर पाच लाख, ट्रॅक्टरवाली पाचची असेल तर दोन लाख, स्टारवाली बंद होणारे म्हणून लगेच द्या, जुन्या पाचशे-हजारच्या पण चालतील. आरबीआय अप्रूव्ड." मावशीने कपाटातून ट्रॅक्टरची नोट शोधून फोटो पाठवला आणि तिकडून उत्तर, अभिनंदन, नोट ट्रेस झाली, आता फक्त रजिस्ट्रेशनचे एकवीसशे भरा. "अरे दोन लाखांपुढे एकवीसशे म्हणजे काय रे," असं मलाच समजावत होती. नशीब, भरायच्या आधी फोन केला.

तर आधी हे एकवीसशेच घेऊ. ते भरले की जीएसटी मागतात, मग इन्शुरन्स, मग रिझर्व्ह बँकेची एनओसी, शिक्क्याच्या लेटरहेडसकट. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला प्रेस रिलीज काढून स्पष्ट सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, आम्ही कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही आणि आमच्या नावाने ते घ्यायचा अधिकार कुठल्याही संस्थेला, फर्मला किंवा माणसाला दिलेला नाही. संपला विषय. आणि तेही राहू द्या, जो माणूस तुम्हाला दोन लाख देणारे त्याने एकवीसशे त्यातूनच कापून घ्यावेत ना? मी मावशीला तसंच लिहायला लावलं, की भाऊ, एक लाख सत्त्याण्णव हजार नऊशेच पाठवा. लगेच ब्लॉक! काही ठिकाणी "पैसे घेण्यासाठी" क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगतात. पिन पैसे जाताना लागतो, येताना नाही. कुणाचे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

आता ते ट्रेस प्रकरण. मावशी राहते तिथून नोट प्रेस रिक्षाने जाण्याइतकी जवळ, त्यामुळे तिला "कुठे छापली ते कळतं" हे अजूनच खरं वाटलं. नोटा नाशिक, देवास, म्हैसूर नाहीतर सालबोनीला छापतात, तिथून रिझर्व्ह बँकेच्या ऑफिसात, तिथून बँकांच्या करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे नोटांच्या तिजोऱ्यांत. एकदा काउंटरवरून बाहेर पडली की भाजीवालीने ती सुट्ट्यांत कुणाला दिली याची नोंद कोण ठेवणारे? नंबरवरून नोट पकडता येते, पण कुणीतरी आधी नंबर लिहून ठेवला असेल तरच. लाचलुचपतवाले सापळा लावतात तेव्हा नोटांचे नंबर आधीच पंचनाम्यात लिहितात, नोटांना अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणारी अँथ्रासीन पावडर लावतात आणि मग साहेबांच्या खिशातून निघालेल्या नोटा त्या यादीशी ताडून बघतात. तुमच्या कपाटातल्या पाचच्या नोटेचा पंचनामा कुणी केला होता?

हां, एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. खरे संग्राहक नंबरवरून बरंच काही सांगतात. पुढची अक्षरं, नंबराजवळचं बारीक इनसेट अक्षर आणि गव्हर्नरची सही एकत्र बघितली की नोट कुठल्या छपाईतली आणि ती दुर्मिळ आहे का याचा अंदाज येतो. आणि काही नोटांना खरंच भाव येतो. २ जुलै १९१८ ला लंडनहून मुंबईकडे नोटा आणणारी एसएस शिराला ही बोट जर्मन पाणबुडीने बुडवली, नोटांचे गठ्ठे किनाऱ्याला लागले, सरकारने बहुतेक गोळा करून नष्ट केले, थोड्या नोटा लोकांकडे राहिल्या. त्यातल्या २५ मे १९१८ च्या दहाच्या दोन नोटा २०२४ मध्ये लंडनला लिलावात आल्या, तेव्हा नुसता अंदाजच दोन हजार पाउंडांच्या पुढे होता. पण जाणकार माणूस नोट हातात घेतो, भिंगातून घडी, डाग, स्टेपलची भोकं बघतो आणि बहुतेकांना सांगतो, चालवून टाका.

७८६ चं तर साधं गणित आहे. एका सिरीजमध्ये नंबर १ ते १० लाख, म्हणजे शेवटी ७८६ असलेल्या नोटा एक हजार. शंभराची दहा कोरी पाकिटं सलग फोडलीत तर एक सापडणारच, आणि अशा सिरीज ढिगाने आहेत. श्रद्धा असेल तर खुशाल जपून ठेवा, कुणी हौसेने चार पैसे जास्त देईलही, हौसेला मोल नाही. पण पाच लाख?

स्टारवाली, म्हणजे नंबरात * खूण असलेली, नोट ही छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी छापलेली, २००६ पासून चालू आहे आणि पूर्ण वैध आहे, जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परत एकदा सांगितलं. ट्रॅक्टरची पाचचीही वैध, किंमत पाच रुपये.

राहिल्या जुन्या पाचशे-हजारच्या. २०१७ च्या कायद्यानुसार त्या दहापेक्षा जास्त बाळगणं गुन्हा आहे, संग्रह किंवा अभ्यासासाठी असतील तर पंचवीसपर्यंत सूट, आणि दंड दहा हजार किंवा रकमेच्या पाचपट, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत. आणि हे लोक सांगतायत की असतील तेवढ्या सगळ्यांचा, नंबर नीट दिसेल असा, फोटो काढून पाठवा.