कॅसजेव्ही नेमके काय करते

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरील एका लेखात २०२३ साली मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही या जनुक-संपादन उपचाराने सदोष जनुक 'दुरुस्त' होते असे म्हटले आहे, ते बरोबर नाही. बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या घटकाच्या जनुकातला दोष तसाच राहतो. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी बाहेर काढून त्यांवर जनुक कापणारी कात्री चालते ती गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाच्या नियंत्रक भागावर, आणि त्यामुळे जन्मानंतर मागे पडलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. हेच हिमोग्लोबिन अंगात असते तोवर, म्हणजे पहिले काही महिने, सिकलसेल असलेले बाळ ठणठणीत दिसते. ते ओसरले की हातापायांची बोटे सुजतात आणि बाळ कळवळून रडू लागते. या बदललेल्या मूलपेशी रुग्णाला परत देण्याआधी जबर केमोथेरपी घ्यावी लागते, हेही लेखात यायला हवे होते. गडचिरोलीतल्या रुग्णाला परवडते ती हायड्रॉक्सियुरिया या औषधाची कॅप्सूल, आणि गंमत म्हणजे तीही मुख्यतः हेच हिमोग्लोबिन वाढवते.