गेटमाउथ ब्राउनचा कॅपो : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

क्लॅरन्स 'गेटमाउथ' ब्राउन हा अमेरिकन गिटारवादक गिटारीच्या मानेवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून वाजवायचा. त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : "कॅपो लावून वाजवणारा शिकाऊ असतो, त्याला थोर गिटारवादक म्हणणं हास्यास्पद आहे. पुढे ब्लूज खपेना म्हणून त्याने फिडल आणि कंट्री धरलं. शेरीफच्या नोकरीचा परिच्छेद उगाच आहे. लिहिण्याआधी थोडं ऐकत जा."

मतभेदाला माझी ना नाही. पण समोरच्याने काही ऐकलेलंच नाही असं धरून चालायचं, आणि तेही स्वतःचं नाव न देता, ही कुठली रीत? गिटारींचे नट (मानेच्या टोकाची, तारा बसवायच्या खाचांची पट्टी) घासण्यात आणि वाकलेल्या माना सरळ करण्यात माझी हयात गेली. कॅपो काय करतो आणि काय बिघडवतो हे निदान मला तरी ऐकवू नका.

शिकाऊ माणूस कॅपो लावतो तो बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं, चुकवायला. ब्राउनचं काम वेगळं होतं. त्याच्या मागे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन असायचे, आणि या मंडळींना सोयीच्या पट्ट्या म्हणजे एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये या तिन्ही पट्ट्यांचा षड्ज एकाही मोकळ्या तारेवर येत नाही. पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या कडेशी) कॅपो बसवला की ईच्या ठेवणीतून एफ निघतो, एच्या ठेवणीतून बी फ्लॅट, डीच्या ठेवणीतून ई फ्लॅट, आणि मोकळ्या तारा पुन्हा कामाला येतात. त्या त्याला हव्याच होत्या, कारण तो पिक वापरत नसे. नुसत्या बोटांनी तार उचलून सोडायची, आणि ती मोकळी वाजत असतानाच डावा हात पुढच्या जागी न्यायचा. स्केल चेंजर पेटीची पट्टी सरकवणाऱ्याला कुणी शिकाऊ म्हणतं का?

शिवाय तारेची लांबी बदलते ती वेगळीच. त्याच्या गिब्सन फायरबर्डची तार नटपासून ब्रिजपर्यंत पावणेपंचवीस इंच. अशा गिटारीवर तिसऱ्या फ्रेटला कॅपो लावलात तर वाजणारी तार उरते सुमारे 20.8 इंच. फ्रेट जवळजवळ येतात आणि तेवढ्याच खेचीत सूर जास्त चढतो. म्हणजे बेंड घेताना, तार बाजूला खेचून सूर चढवताना, हात आवरावा लागतो, नाहीतर सूर सरळ वर निघून जातो. यात सोपं काय आहे ते सांगा.

लावणंही फुकटचं नाही. कॅपोची पट्टी फ्रेटच्या लगेच मागे, पण फ्रेटवर न चढता बसली पाहिजे. फार मागे गेली की तार भणभणते. फ्रेटवरच चढली की आवाज बसतो. स्प्रिंग जास्त कडक असेल तर सगळ्याच तारा चढतात, आणि सारख्या चढत नाहीत, म्हणून कॅपो लावल्यावर पुन्हा ट्यून करावंच लागतं. गिब्सनचा फिंगरबोर्ड गोलाईचा; त्यावर सपाट पट्टीचा स्वस्त कॅपो टेकतो मधल्या तारांवर, आणि कडेच्या दोन ढिल्या राहतात. सगळ्यात छळतो तो नट. खाचेत तार अडकत असेल तर कॅपोमागच्या तुकड्यात ताण साठून राहतो आणि पहिल्याच बेंडला तार पट्टीखालून सरकते. मग "कॅपोने गिटार बेसूर होते" अशी ओरड करत लोक येतात. दोष बहुतेक वेळा खाचेचा असतो.

आणि आपल्या न्यायाने अल्बर्ट कॉलिन्स हा ब्लूज गिटारवादकही शिकाऊच ठरतो. ह्यूस्टनमध्ये वाढलेला, नुसत्या बोटांनी वाजवणारा, मायनर ट्यूनिंगवर कॅपो चढवणारा. गिटार स्लिम हा दुसरा ब्लूज वादकही. टेक्सास-लुइझियाना पट्ट्यातली ही वाजवण्याची धाटणीच आहे. ती न आवडण्याचा हक्क आपल्याला आहेच.

फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, मी दोनच ओळी लिहिल्या, तिथे आणखी लिहायला हवं होतं, हे मान्य. पण "ब्लूज खपेना म्हणून" हे कुठून आणलंत? ब्राउनचे वडील स्वतः फिडल वाजवायचे. पोराने ते घरातच उचललं. 'जस्ट बिफोर डॉन'मध्ये त्याचं फिडल ऐकू येतं, ते 1959 सालचं, पीकॉक या रेकॉर्ड कंपनीकडेच केलेलं. याच पीकॉकचा मालक डॉन रोबी याच्या ह्यूस्टनमधल्या क्लबात, 1947 मध्ये, नामवंत ब्लूज गिटारवादक टी-बोन वॉकर आजारी पडून मंचावरून उतरला तेव्हा ब्राउनने त्याची गिटार उचलली होती. म्हणजे आपल्या मते तो ज्या काळात ब्लूजच वाजवत होता, त्यातच फिडल आहे. पुढे रौंडर कंपनीने काढलेल्या त्याच्या 'ऑलराइट अगेन!' या अल्बमला ब्लूजचं ग्रॅमी मिळालं, आणि त्यात ब्रास-सॅक्सोफोनचा ताफाच्या ताफा आहे. खपण्यासाठी ब्लूज सोडलेला माणूस असं करत नाही. स्वतःला 'ब्लूजवाला' म्हणवून घेणं मात्र त्याला आवडत नसे. त्याबद्दल तक्रार असेल तर ती माझ्याकडे करून उपयोग नाही.

राहिला न्यू मेक्सिकोत तो डेप्युटी शेरीफ होता तो परिच्छेद. तो काढणार नाही.