माणशी 1,400 रुपये कशाचे? तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही आमच्या कृषी पर्यटन केंद्राला एक स्टार देऊन लिहिलंय, "वांग्याचं भरीत अन् भाकरीचे माणशी 1,400? वर वाटाड्याचे 500 वेगळे. सकाळी आंघोळीला पाणी गार. खेड्यात हे सगळं फुकट असतं, निव्वळ लूट आहे." लेकीनं रात्री हे वाचून दाखवलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून स्वतःच लिहायला बसले.

गरम पाण्याची चूक आमचीच. सरपण रात्री दवात भिजलं आणि बंब वेळेवर तापला नाही. थंडीत लहान लेकरांना ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

पण 'फुकट' हा शब्द मला लागला, दादा. तुम्ही चार मोठी माणसं आणि दोन मुलं. मुलांचे निम्मे धरून 7,000 रुपये झाले. त्यात रात्रीचा मुक्काम, दोन जेवणं आणि सकाळचा नाश्ता. त्यातले 1,200 स्वयंपाकाच्या दोघींना गेले. वांगी, दूध, गावरान अंडी, कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, तेल आणि बाकी किराण्याचे 1,850. चादरी-गोधड्या धुणाऱ्या बाईंना 300. लाइट आणि पाण्याचे 450 धरले. राहिले 3,200. त्यातून तीन खोल्या बांधायला काढलेल्या कर्जाचा हप्ता जातो, आणि जे उरतं त्यावर आम्ही पाहुणे नसतानाचे दिवसही काढतो. पाहुणे रोज नसतात. शनिवार-रविवार सोडला तर आमचं अंगण रिकामंच असतं.

स्वयंपाकाच्या दोघींपैकी एक शेजारच्या तांड्यावरची आहे. आमच्या चाळीसगाव तालुक्यातून दिवाळी झाली की किती बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. लेकरांची शाळा सुटते ती सुटतेच. तिनं यंदा कोयता उचलला नाही. धाकटी पोरगी शाळेत जाते. एवढ्याशा धंद्यानं गाव बदललं असं मी म्हणणार नाही, पण हे एक घर थांबलं, ते माझ्या डोळ्यांसमोर थांबलं. भाजीपाला मी शहरातून ठोक भावात आणला असता तर दर थोडा कमी करता आला असता. पण मग गावाच्या हाती काय राहिलं असतं?

आणि भरताचं म्हणाल तर तुमच्या थोरल्या मुलानं सगळं चुलीपाशी बसून पाहिलंय. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजायची, एकेक सोलायचं, हिरव्या मिरच्या-लसणासोबत लाकडी भांड्यात ठेचायचं, मग फोडणी. धुरानं त्या बाईचे डोळे लाल झाले होते. त्यानंच विचारलं, "मावशी, रडताय का?" त्यावर ती हसून म्हणाली, "नही रे भो, जेवाले बठा." दोनदा वाढून घेतलं होतं तुम्ही, याचा आम्हाला आनंदच आहे.

वाटाड्याच्या 500 मधला एक रुपया मी ठेवत नाही. फोनवर हे आधी सांगितलं होतं. पाटणादेवीचं जंगल गौताळा अभयारण्यात येतं. केदारकुंडाकडची वाट, कुठं पाय घसरतो, कुठल्या ओढ्याला पावसाळ्यात उतरायचं नाही, हे त्या पोराला पाठ आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं इथं मठ काढला होता आणि त्याचा शिलालेख इथलाच, हे तुम्हाला त्यानंच सांगितलं ना? येताना तुमच्या ग्रुपच्या रिकाम्या बाटल्याही तोच पोत्यात भरून खाली घेऊन आला. रात्री दहानंतर स्पीकर बंद करायला लावला म्हणून तुम्ही नाराज झालात, तोही त्या जंगलासाठीच. जनावरं दूर पळाली तर पुढच्या वर्षी पाहुण्यांनी इथं यायचं कशाला?

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. निघताना मुलांनी बांधाच्या पलीकडच्या शेतातून हरभऱ्याची झाडं उपटून डिकी भरली. ते शेत आमचं नाही. शेजारच्या आबांनी पाहुणे म्हणून तोंडातून शब्द काढला नाही. संध्याकाळी मी 200 रुपये त्यांच्या हातावर ठेवले, तेही घेत नव्हते. मागितला असता तर त्यांनी स्वतः टहाळ उपटून दिला असता आणि भाजून होळा करून खाऊही घातला असता. शेतात उभं आहे म्हणजे फुकट, असं कृपा करून मुलांना वाटू देऊ नका.

तुम्ही स्विमिंग पूल नाही असंही लिहिलंय. एप्रिलपासून विहीर तळाला जाते, म्हणून आम्ही एप्रिल-मे बंदच ठेवतो. गावातल्या बायका हंडे घेऊन फिरत असताना पाहुण्यांसाठी पूल भरणं आम्हाला जमणार नाही. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली आमची रीतसर नोंदणी आहे. खोल्या वाढवा असं बरेच जण सांगतात. पाणी पुरेल तेवढ्याच ठेवल्या आहेत.

दरपत्रक आता दारात लावतो, वाटाड्याचे पैसेही त्यात लिहितो. सरपण झाकायला ताडपत्री आणली आहे, बंबाचंही काहीतरी बघतो.

तुमचा रिव्ह्यू आल्यावर या रविवारचं एक बुकिंग रद्द झालं. स्टार एकच राहू द्या, गरम पाण्याचं तर राहू द्याच, ते खरं आहे. 'लूट' एवढा शब्द काढता आला तर बघा. तांड्यावरची ती बाई वाचू शकत नाही, पण तिची पोरगी आता वाचायला लागली आहे.