दहापैकी चार

परवा डोळ्यांच्या दवाखान्यात एका अनोळखी आजींनी माझा मोजा उसवला. पायातला नव्हे, हातातला. विणत होतो तो. तीन महिने कातलेल्या सुताची टाच होती ती, आणि उसवायला त्यांना मोजून चार मिनिटं लागली. वर मार्क दिले. आज तिसरा दिवस आहे आणि मी अजून अंघोळ करताना त्यांना सडेतोड उत्तरं देतोय.

आईला घेऊन गेलो होतो. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले की अर्धा तास डोळे मिटून बसायचं. मग एक ताई येते, टॉर्च मारते, "अजून नाही" म्हणते आणि पुन्हा थेंब घालते. पंधरा-वीस माणसं माना मागे टाकून, डोळे मिटून ओळीने बसलेली. समोर मोठ्या आवाजात टीव्ही. डोळ्यांच्या दवाखान्यात तो नक्की कोणासाठी लावतात हे मला कधी कळलेलं नाही. मी पिशवीतून मोजा काढला. 64 टाके, चार सुयांवर 16-16, पाचवीने विणायचं. सुया स्टीलच्या, अडीच मिलिमीटरच्या. धाग्याचं टोक दातात धरलं होतं.

"कोण विणतंय गं?"

दोन खुर्च्या सोडून पलीकडे एक आजी. पांढरा अंबाडा, मांडीवर पर्स, डोळे घट्ट मिटलेले. आमच्या ओळीत विणणारा मी एकटाच.

"हं," मी दातातल्या धाग्यासकट म्हणालो.

"घसा बसलाय वाटतं. ज्येष्ठमध धर तोंडात. मोजा का?"

"हं."

"मला आवाजावरूनच कळलं. स्वेटरच्या दोन सुया वेगळ्या वाजतात."

खरं तर इथेच सांगायला हवं होतं, की आजी, मी पुरुष आहे, पंचावन्न वर्षांचा आहे, मला मिशी आहे. पण हे वाक्य भरलेल्या दवाखान्यात मोठ्याने म्हणून बघा. मी विचार करत बसलो आणि तेवढ्यात माझ्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा घरंगळला. तो कुठे गेला असेल? आजींच्या पायाशी. त्यांनी डोळे न उघडता तो चाचपून उचलला आणि धागा गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळत गुंडाळत त्या माझ्या दिशेने यायला लागल्या. एक खुर्ची. दुसरी खुर्ची. गळाला लागलेल्या माशाला काय वाटत असेल ते मला तेव्हा समजलं.

"दे इकडे. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम शिकवलंय."

हा सूर चौथीत एकदा ऐकला की जन्मभर हात आपोआप पुढे होतो. मोजा त्यांच्याकडे गेला. त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. "दोन सुलट, दोन उलट. छान. टाके एकसारखे. हात मात्र घट्ट आहे तुझा. नोकरी करतेस ना? नोकरीवाल्यांचे हात घट्टच असतात."

"हं."

अंगठा खाली सरकला. टाचेपाशी थांबला. आजींच्या कपाळावर एक आठी आली, मग दुसरी.

"हे काय आहे?"

"टाच," मी शक्य तितक्या बारीक आवाजात म्हणालो.

"फारच बसलाय गं घसा. इथे कोपऱ्यात भोक आहे, कळतंय का? माझं बोट जातंय. कडेचे टाके किती उचललेस?"

"सोळा."

"सतरा उचलायचे. कोपऱ्यातला एक जास्तीचा. मग पुढच्या फेरीत दोनाचा एक करायचा. भोक पडत नाही. कोणी शिकवलं तुला?"

मोबाइलवर बघून शिकलो असं सांगायची सोय नव्हती. समोर एका डोळ्याला पट्टी बांधलेले एक गृहस्थ बसले होते. संपूर्ण खोलीत धड बघू शकणारा तेवढा एकच डोळा होता, आणि त्या एका डोळ्यात मावेल तेवढा आनंद त्यात मावला होता. ते माझ्या मिशीकडे बघायचे, मग आजींकडे, मग पुन्हा मिशीकडे.

आणि मग आजींनी सुया काढल्या. सटासट. चारही.

भोक बुजवायला वरच्या दोन-तीन फेऱ्या उसवल्या असत्या तरी भागलं असतं, हे मी आज शपथेवर सांगू शकतो. पण "पायाच कच्चा आहे" म्हणत त्यांनी 32 ओळींची सबंध टाच उसवली. धागा ओढताना तीन ठिकाणी तुटला.

"हे सूत आहे का काथ्या? दुकानदाराने फसवलंय तुला. पावती आहे ना? परत कर. पैसे माग."

त्या काथ्याची पावती अशी, की दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसकट बिऱ्हाडं, देशावरून कोकणाकडे निघतात. सासवडजवळ चुलतभावाच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. तिथल्या धनगराला म्हटलं, थोडी लोकर विकत द्याल का? तो म्हणाला, "न्या की पोतंभर. हल्ली इचारतंय कोण? कातरायचा खर्च निघत न्हाई." काय करणार विचारलं. मोजे, म्हटलं. तो बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिला. "टोचंल," एवढंच म्हणाला. पण माझा हिशेब पक्का होता. मोज्याची टाच आधी झिजते. म्हणजे बाकी मोजा बाजारच्या मऊ लोकरीचा आणि टाच दख्खनी मेंढीची. जी लोकर घोंगडीत आयुष्य काढते, ती टाचेत काय मरणार आहे? मला ही फार हुशारी वाटली होती.

लोकर रिठ्याच्या पाण्यात धुतली. मेंढीच्या लोकरीला एक चरबी असते आणि त्या चरबीला एक वास असतो. तो चार दिवस न्हाणीघरात आमच्यासोबत राहिला. "त्यापेक्षा अख्खी मेंढी आणायचीस," बायको म्हणाली, "निदान तिला बाहेर बांधता आलं असतं." लोकर पिंजायला कुत्र्यांचे केस विंचरायचा ब्रश चालतो असं कळलं, म्हणून तो आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "कुठली ब्रीड?" मी म्हटलं, "दख्खनी." "मोठी होते का?" "कळपात असते." त्याने मला औषधी शाम्पू विकायचाही प्रयत्न केला.

कातायला शाळेतली टकळी काढली. ती कापसाच्या पेळूसाठी असते, एवढीशी, नाजूक. लोकरीपुढे तिने मान टाकली. मग एका काठीत जुनी सीडी अडकवून चाती केली. ती उत्तम फिरली. सीडीत मुलाची मुंज होती हे नंतर कळलं. तेव्हापासून मी कातायला बसलो की बायको म्हणते, "बघ, बटू कसा गरगर फिरतोय."

तीन महिन्यांत 120 मीटर एकेरी सूत निघालं. दोन पदरांचं केल्यावर साठसुद्धा भरेना. 1924च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, गांधीजी अध्यक्ष असताना, सभासदाने वर्गणी म्हणून महिन्याला 2000 यार्ड सूत द्यावं असं ठरलं होतं. माझ्या वेगाने पहिल्या महिन्याची वर्गणी भरायला मला चार वर्षं लागली असती. तेव्हा त्या लोकांवर विनोद करायची माझी इच्छा आता राहिलेली नाही. अधूनमधून तुरुंगातही जायचं आणि वर हे. पण ते साठ मीटर माझे होते. कुठे सुतळीसारखे जाड, कुठे केसासारखे बारीक, पण माझे. आणि त्याची पावती मागत होत्या आजी.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. आपल्याकडे शिंपी पुरुष, घोंगडी विणणारा सनगर पुरुष, माग चालवणाराही बहुतेक पुरुषच. त्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही. पण पुरुषाच्या हातात विणायच्या सुया आल्या की सर्कस. बसमध्ये एकाने मला विचारलंय, "डॉक्टरांनी सांगितलंय का?" सोसायटीतल्या एका काकांनी, "मन रमतं ना? मग झालं," असं पाठीवर हात ठेवून सांगितलंय, जसं काही मी नुकताच कशातून तरी उठलोय. आणि बाई विणत असेल तर? तिच्याकडे बघत नाहीत, पण तिचं विणकाम खुशाल हातातून घेतात, ताणून बघतात, "माझी मावशी याहून बारीक विणायची" म्हणतात. मी अर्धा तास बाई होतो म्हणून हे कळलं. मोबाइल हातात असता तर कोणी काढून घेतला असता का? "चुकीचा मेसेज लिहिलायस, दे इकडे," असं म्हणून खोडला असता का? हातातलं काम मात्र जणू सार्वजनिक मालमत्ता.

असो. चिडून सांगतोय, पण पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आजींनी डोळे मिटलेल्या अवस्थेत 64 उघडे टाके परत चार सुयांवर घेतले. बोटांनी. एकही गळला नाही. मला हे भर उन्हात, चष्मा लावून, कोणी बोलत नसताना जमत नाही. मी तेवढ्यापुरता राग विसरून बघत राहिलो. पट्टीवाल्या गृहस्थांनीही डोळा विस्फारला.

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. पर्स उचलून त्या उठल्या, मोजा माझ्या मांडीवर ठेवला.

"दहापैकी चार. दोन काठाचे, दोन प्रयत्नाचे. नीट कर आणि मगच सासूला दाखव."

ताईने त्यांचा हात धरला आणि त्या आत गेल्या.

मी आईकडे वळलो. ती शेजारीच होती इतका वेळ, डोळे मिटून, ओठ आवळून.

"तू का बोलली नाहीस?"

"बोलणार होते," आई म्हणाली. "पण टाच खरंच वाईट होती रे."

मोजे तिच्यासाठीच आहेत. तिला फरशी गार लागते, बाहेर एप्रिल असला तरी. शिवाय चप्पल घालता यावी म्हणून अंगठा वेगळा हवाय, तो कसा करतात ते मला येत नाही. तेही त्या आजींना विचारता आलं असतं, हा विचार मनात आला आणि स्वतःचाच राग आला.

आईचं नाव पुकारेपर्यंत निदान पहिली ओळ विणावी म्हणून पाचवी सुई शोधली. पिशवीत नाही. खुर्चीखाली नाही. पट्टीवाले गृहस्थ मदतीला वाकले, खुर्चीखालून बटण निघालं, सुई नाही. त्याच वेळी आजी काळा चष्मा लावून आतून बाहेर आल्या आणि मुलाच्या आधाराने सरळ जिना उतरल्या. पाठमोऱ्या अंबाड्यात काहीतरी चकाकलं. हात मोकळा करायचा असला की सुई अंबाड्यात खोचायची, एकतीस वर्षांची सवय. "आजी!" मी माझ्या खऱ्या आवाजात ओरडलो. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

आता तीन सुयांवर टाके घेऊन चौथीने विणता येतं, मान्य. पण पाचाच्या संचातली एक सुई सुटी मिळत नाही, आणि ती सुई माझी आहे. म्हणून आज सकाळी दवाखान्यात फोन लावला. सुरुवातच जरा चुकली. नाव, वेळ, काही सांगायच्या आत तोंडातून निघून गेलं, "परवा आलो होतो हो, माझी सुई तिथे राहिलीय."

पलीकडे एकदम शांतता. मग अतिशय सावध आवाजात प्रश्न आला.

"कुठल्या डोळ्यात?"