घरचं आधण आणि बाजारचं आधण

गेल्या हिवाळ्यात आमच्या कंपनीचा एक कंटेनर नेवार्क बंदरात अडकला. त्यात कोल्हापूरचा गूळ होता, आणि त्यातले काही रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, माझ्या भावाच्या गुऱ्हाळातले. घरी कळवलं तसे भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. काका म्हणाले, "तिकडची लोकं मुद्दाम अडवत्यात. पिढ्यान्‌पिढ्या हाच गूळ खाल्ला आपण, काय झालं?" चुलतभावाचं म्हणणं उलटं: "आपलीच माणसं पावडर टाकत्यात. अडवलं ते बरं झालं."

मी न्यू जर्सीत बारा वर्षं आयात मालाची कागदपत्रं बघतोय. मला दोघांचंही अर्धंच पटतं.

इथल्या एफडीएला, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला, माल अडवायला दोष सिद्ध करावा लागत नाही. माल सदोष "दिसतो" एवढं कायद्याला पुरतं. एखाद्या उत्पादकाचं नाव आयात-इशाऱ्याच्या यादीत गेलं की त्याचा माल पोतं न उघडताही थांबवता येतो. माल चांगला आहे हे मग आयातदारानं खासगी प्रयोगशाळेतून सिद्ध करायचं. प्रयोगशाळेची फी, गोदामाचं भाडं, बंदराचं डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा आकार), सगळं त्याच्या खिशातून. यादीतून नाव काढायचं तर साधारणपणे लागोपाठ पाच खेपा निर्दोष जाव्या लागतात. मोठी कंपनी हे सोसते. लहान आयातदार तो खर्च पुढच्या खरेदीत काढतो, म्हणजे शेवटी शेतकऱ्याच्या दरातून. काकांचा राग मी समजू शकतो.

पण या व्यवस्थेतली एक गोष्ट मला मनापासून आवडते. पूर्वी काही आयातदार मनासारखा अहवाल येईपर्यंत पुन्हा पुन्हा चाचण्या करून घेत आणि खराब अहवाल दाबून ठेवत, अशी शंका असायची. 2021 च्या नियमानं ती वाट बंद केली. ज्या चाचण्यांना तो लागू होतो, त्यांचे निकाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळा थेट एफडीएला पाठवते. पैसे मी देतो, पण अहवाल माझ्या हातात अडकून राहत नाही.

आमच्या गुळात सल्फाइट, म्हणजे गंधकाचं एक संयुग, निघालं. इथं खाद्यपदार्थात ते 10 पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) किंवा त्याहून जास्त असेल, तर लेबलवर लिहावंच लागतं, कारण दम्याच्या काही रुग्णांना त्यानं जिवावर बेतणारा झटका येऊ शकतो. आमच्या लेबलवर ते नव्हतं. शेवटी एफडीएच्या परवानगीनं प्रत्येक पिशवीवर नवी पट्टी चिकटवून माल सोडवला. थंड गोदामात दोन दिवस मीही चिकटवत होतो.

सल्फाइट आलं कुठून, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. काहिलीत, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या कढईत, रस उकळायला लागला की भेंडीच्या चिकानं मळी वर येते, ती काढतात. एवढ्यानं गूळ तांबूस होतो. सोनेरी पिवळा हवा तर रंग उजळवणारी गंधकाची हायड्रोस पावडर पडते. मार्केट यार्डात सौद्याला बोली रंगावर चढते, म्हणून ती पडते. आणि माझा भाऊ, आमचे वडील करायचे तसंच, घरच्यासाठी एक आधण, म्हणजे एका वेळी काहिलीत शिजणारा गूळ, बिनपावडरचं वेगळं काढतो. लहानपणापासून मी हे पाहिलंय, पण गोदामात पट्ट्या चिकटवताना ते पहिल्यांदा टोचलं. घरची पोरं वेगळा गूळ खाणार, आणि दम्याचं इचलकरंजीचं पोर बाजारातला पिवळा गूळ खाणार. त्या पोरासाठी काहिलीजवळ नमुना घेणारं कुणी का नाही?

चाचणीलाही डोळे मिटून मान डोलवू नये. सल्फाइट मोजायची जुनी पद्धत मी प्रयोगशाळेत उभं राहून पाहिली आहे: नमुना आम्लात उकळतात, निघालेला वायू नायट्रोजनच्या प्रवाहानं हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये नेतात आणि तयार झालेलं आम्ल थेंबाथेंबानं अल्कली टाकून मोजतात. गुळाला ती चालते. पण लसणात मुळातच गंधकाची संयुगं असतात, त्यामुळं याच पद्धतीत सल्फाइट न घातलेला कांदा-लसूण मसालाही दोषी ठरू शकतो. म्हणून माझ्याकडं मसाला पाठवणाऱ्याला मी आधी सांगतो, प्रयोगशाळेला पद्धत विचारा.

कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. परराज्यातला गूळ आपल्या नावानं विकतात म्हणून आपण भांडतो, ते योग्यच आहे. पण मानांकन गूळ कुठला ते सांगतं, या आधणात काय पडलं ते सांगत नाही. गावात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, शिवाजी विद्यापीठ आहे. सौद्याच्या आदल्या दिवशी नमुना घ्या, रव्यांच्या ओळीसमोर सल्फाइटचा आकडा लावा, आणि बोली त्या आकड्यावर चढू द्या. रंगाला जास्त दर मिळतोय तोवर गुळव्याला दोष देण्यात अर्थ नाही.

भावाशी यावर दोनदा भांडलो. तिसऱ्यांदा त्यानंच फोन केला. "बिनपावडरचा काढतो, पण यार्डात क्विंटलमागं दर तुटंल. तो फरक कोण देणार?"

मी मालकांशी बोललो. पुढच्या मालाचा फरक आम्ही देतोय. पहिली दोन आधणं निघालीत, रवे तांबूस आहेत, आणि कंटेनर भरायच्या आधी नमुना तिथंच कोल्हापुरात तपासायला दिलाय.