बैसा आणि पैसा

ओमानमध्ये, मस्कतच्या दुकानात सुटे परत मिळतात ते बैसे. अरबीत ‘प’ नाही, म्हणून आपला पैसा इथे बैसा झाला. हजार बैशांचा एक रियाल. पहिल्यांदा हा शब्द कानावर पडला तेव्हा परक्या मुलुखात कुणी गाववाला भेटावा तसं वाटलं होतं. तो इथे कसा आला आणि इथून रुपया का गेला, हे कळायला मात्र बरीच वर्षं लागली.

पगाराच्या आठवड्यात मस्कतच्या रुवी भागातल्या पैसे धाडायच्या काउंटरसमोर रांग लागते. चिपळूणचे, खेडचे, केरळातले, सगळ्यांचे डोळे रेटच्या पाटीवर. रुपया घसरला की रांग वाढते. त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर धाकट्या भावाचा मेसेज येतो: ‘१९४७ मध्ये एक रुपयाला एक डॉलर मिळायचा. दादा, बघ आज काय अवस्था झालीय.’ त्याची कळकळ खरी आहे. आकडा मात्र चुकीचा आहे.

१९४७ मध्ये रुपया डॉलरला बांधलेलाच नव्हता, तो पौंडाला बांधलेला होता. एक रुपया म्हणजे एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे अठरा पेन्स. पौंडाचे तेव्हा २४० पेन्स, म्हणून पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंडाचे तेव्हा ४.०३ डॉलर होत. भागाकार केला की डॉलरला साधारण ३ रुपये ३१ पैसे येतात. एकास एक असा भाव नव्हताच.

हे अठरा पेन्स कुणी ठरवले, हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. पहिल्या महायुद्धाआधी रुपया सोळा पेन्सचा होता, पौंडाला १५ रुपये. १९२६ मध्ये हिंदुस्थानच्या चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनने अठरा पेन्सची शिफारस केली आणि १९२७ मध्ये तसा कायदा झाला. म्हणजे रुपया साडेबारा टक्क्यांनी महाग झाला, आणि त्याविरुद्ध भांडले ते आपलेच लोक. मुंबईचे पुरुषोत्तमदास ठाकूरदास कमिशनचे सभासद होते. त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडून सोळा पेन्सचा आग्रह धरला. महाग रुपयामुळे लँकेशायरचं कापड मुंबईत स्वस्त पडणार होतं आणि इथल्या शेतकऱ्याला कापसाचे रुपये कमी मिळणार होते. सरकारचं गणित वेगळं होतं. गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, रेल्वेच्या कर्जाचं व्याज, हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या इंडिया ऑफिसचा काही खर्च, हे सगळं हिंदुस्थानच्या तिजोरीतून पौंडात भरावं लागे. रुपया जितका महाग, तितके ते पौंड स्वस्त. म्हणजे त्या काळी देशाची बाजू घेणारे बहुतेक जण स्वस्त रुपया मागत होते आणि महाग रुपया साम्राज्याच्या सोयीचा होता. आज रुपयाच्या भावाला देशाची अब्रू समजणाऱ्यांनी हुंडणावळीचा, म्हणजे परकी चलनातल्या भावाचा, हा वाद एकदा तरी नजरेखालून घालावा.

स्वस्त रुपया हेच देशप्रेम, असं मात्र मी म्हणत नाही. डॉ. आंबेडकरांनी लंडनमध्ये लिहिलेला रुपयावरचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हुंडणावळ पडल्याने होणारा फायदा बाहेरून येत नाही, देशातल्या एका वर्गाचा तोटा हाच दुसऱ्या वर्गाचा फायदा असतो, असं त्यांनी त्यात मांडलं. हे मला रुवीच्या रांगेत दर महिन्याला दिसतं. रियालला चार रुपये जास्त मिळाले की मी खूश होतो. पण तेच तेल, तेच खत भाऊ गावी जास्त पैसे मोजून घेतो. माझा फायदा काही अंशी त्याच्याच खिशातून येतो.

मस्कतमधल्याच मत्रहच्या बाजारात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने मला दहा रुपयांची जुनी नोट दाखवली होती. अशोकस्तंभाचे सिंह, रिझर्व्ह बँकेचं नाव, सगळं ओळखीचं. रंग मात्र निराळा आणि नंबराच्या आधी ‘झेड’. आखातात पूर्वी आपलाच रुपया चाले. पण इथून सोनं चोरून भारतात जाई, त्याचे रुपये इथे येत आणि रिझर्व्ह बँकेला त्या बदल्यात पौंड मोजावे लागत. ती गळती थांबवायला १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळे रुपये निघाले. भाव तोच, पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. कुवेतने १९६१ मध्ये आपला दिनार काढला, बहारीनने १९६५ मध्ये. बाकीचे रुपयावरच राहिले.

मग ६ जून १९६६ उजाडला. दिल्लीने रुपयाचं अवमूल्यन केलं, म्हणजे त्याचा भाव स्वतःहून उतरवला, आणि पौंड २१ रुपयांचा झाला. इथल्या माणसाने पेटीत जपून ठेवलेल्या रुपयांची किंमत पौंडात मोजली तर एका दिवसात तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरली. निर्णय दिल्लीचा, अडचण दिल्लीची, आणि पेटी मस्कतची. ‘आम्हाला कुणी विचारलं?’ एवढंच तो व्यापारी म्हणाला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. कतार आणि दुबईने त्याच वर्षी स्वतःचा रियाल काढला. ओमानात मात्र रुपया १९७० पर्यंत टिकला. मग एक रियाल बरोबर एक पौंड असं ठरलं आणि आपल्या नोटा परत गेल्या. राहिला तो बैसा.

असा फटका आपणही खाल्ला होता. सप्टेंबर १९४९ मध्ये लंडनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला आणि त्याच्या मागोमाग आपणही तितकेच, साडेतीस टक्के, खाली उतरलो. पाकिस्तान उतरला नाही, त्यामुळे ताग आणि कापूस यांचा दोन देशांतला व्यापार अडला. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड पुन्हा पडला तेव्हा मात्र आपण जागचे हललो नाही. पौंड २१ रुपयांवरून १८ वर आला. रुपयाच्या इतिहासातली मला अभिमान वाटावी अशी ही घटना आहे, आणि ती कुठल्याच ग्रुपवर फिरत नाही. पौंडाशी असलेली गाठ शेवटी १९७५ मध्ये सुटली.

परवा भावाचा तोच मेसेज पुन्हा आला. मी त्याला भागाकार करून पाठवला आणि विचारलं, यंदा कलमांना घातलेल्या खताची गोणी केवढ्याला पडली, फवारणीला किती गेले. त्याने रात्री वहीच्या पानाचा फोटो धाडला. त्या महिन्यात रेटमुळे जे जास्तीचे रुपये मिळाले होते, ते मी त्याच्या खात्यावर टाकले.